स्पर्शिकेचा दुसरा बिंदू

वक्राचा चढ जागोजागी बदलतो. सरळ रेषेवर कुठलेही दोन बिंदू घेऊन उभ्या अंतराला आडव्या अंतराने भागले की एकच उत्तर येते. वक्रावर तसे होत नाही. म्हणून वक्रावरच्या एखाद्या बिंदूपाशी चढ किती, या प्रश्नाचा अर्थ त्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ किती, असा घेतला जातो. आलेखाच्या कागदावर हे काम पट्टी-पेन्सिलीने भागते. बिंदूपाशी पट्टी टेकवायची, वक्र दोन्ही बाजूंना तिच्यापासून हळूहळू सुटत जातो आहे असे दिसेपर्यंत ती फिरवायची, रेघ ओढायची, आणि त्या रेघेवर मावेल तेवढा मोठा काटकोन त्रिकोण काढून उंचीला पायाने भागायचे. त्रिकोण मोठा घेतात तो एवढ्याचसाठी की मोजताना झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूक लांब बाजूंवर फारशी जाणवत नाही.

क्ष आणि क्षचा वर्ग यांच्या आलेखावर क्ष = ३ पाशी हे करून पाहिले, तर एकाला ५.८ मिळेल, दुसऱ्याला ६.३. हातावर भिस्त न ठेवता आकडेमोडीने चढ काढायचा असेल तर वक्रावर जवळपासचा दुसरा बिंदू घ्यावा लागतो. ३ आणि ३.५ यांमधल्या छेदिकेचा चढ ६.५ येतो, ३ आणि ३.१ मधला ६.१, ३ आणि ३.०१ मधला ६.०१. उत्तर ६ कडे चालले आहे हे उघड आहे. पण ६ गाठायचे तर दुसरा बिंदू पहिल्यावर येऊन बसायला हवा, आणि तो तसा बसला की हाती शून्य भागिले शून्य उरते. स्पर्शिका एका बिंदूपाशी, चढाला मात्र दोन बिंदू हवेत. हा पेच सोडवण्याचा इतिहास मुख्यतः १६३७ ते १६८४ या काळातला आहे, आणि त्यात गणिताच्या जोडीला भांडणेही भरपूर आहेत.

ग्रीकांना हा पेच पडलाच नव्हता. युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात वर्तुळाची स्पर्शिका सांगितली ती अशी: वर्तुळाला भेटणारी, पण वाढवली तरी त्याला न छेदणारी रेषा. अपोलोनियसने शांकवांच्या स्पर्शिका काढल्या. अन्वस्ताबाबत त्याचा सिद्धांत असा की बिंदूतून अक्षावर टाकलेला लंब शिरोबिंदूपासून जितक्या अंतरावर पडतो, तितक्याच अंतरावर शिरोबिंदूच्या पलीकडे स्पर्शिका अक्षाला मिळते. आर्किमिडीजने सर्पिलाचीही स्पर्शिका काढली. पण प्रत्येक वक्राला स्वतंत्र युक्ती लागे आणि ती दुसऱ्या वक्राला चालत नसे. ‘छेदत नाही’ ही अटही सगळीकडे टिकणारी नव्हती. क्षच्या घनाच्या आलेखावर क्ष = १ पाशी काढलेली स्पर्शिका पुढे जाऊन त्याच वक्राला क्ष = −२ पाशी छेदते, आणि क्ष = ० पाशीची स्पर्शिका तर वक्राला स्पर्शबिंदूतच ओलांडून पलीकडे जाते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या दाराने आला. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (इ. स. ११५०) ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आहे. चंद्राची गती दिवसभरातही बदलते, म्हणून दिवसाची सरासरी न धरता त्या क्षणाची गती घ्यावी, असे तिथे सांगितले आहे. ज्येतला बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे सूत्र त्यासाठी वापरले आहे. आणि मंदफल (ग्रहाच्या सरासरी आणि खऱ्या स्थानांतला फरक) जिथे सर्वांत मोठे होते तिथे त्यातला बदल शून्य असतो, हेही नोंदवले आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडल्यापासून महाराष्ट्रात या कामाबद्दल साहजिकच आपुलकी आहे. तिच्या भरात या सूत्राला सरसकट कलनशास्त्र म्हणणे मात्र घाईचे होईल. ते काम ज्या-कोष्टकातल्या फरकांवर उभे होते. कोणताही वक्र समोर ठेवून त्याचा चढ काढायची रीत त्यात नव्हती, आणि युरोपातल्या पुढच्या घडामोडींशी त्याचा संबंध आल्याचे दिसत नाही.

युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस बीजगणित हाती आले आणि सतराव्यात वक्र समीकरणाने लिहिता येऊ लागला. जो वक्र सुचेल तो समीकरण लिहून निर्माण करता येत असल्याने आता युक्त्या नव्हे, सर्वांना लागू पडणारी रीत हवी होती. दुसरी निकड दुर्बिणीची होती. भिंगावर पडलेला किरण किती वाकेल हे त्या जागी भिंगाच्या पृष्ठभागाला काढलेल्या लंबावरून ठरते, आणि वक्राचा हा अभिलंब म्हणजे स्पर्शिकेला काटकोनात असलेली रेषा. एक सापडली की दुसरी सापडली.

रने देकार्तचे ‘रीतीविषयीचे विवेचन’ १६३७ साली लायडेनला छापले गेले. त्याला तीन परिशिष्टे होती: प्रकाशशास्त्र, आकाशातल्या घटना आणि भूमिती. भूमितीच्या परिशिष्टात देकार्तने अभिलंबाचा प्रश्न घेतला आणि आपल्याला ठाऊक असलेल्यांपैकीच नव्हे, तर भूमितीत जे जाणून घ्यायची इच्छा झाली त्या सर्वांपैकी हा सर्वांत उपयुक्त आणि व्यापक प्रश्न आहे, असे म्हटले. त्याची रीत वर्तुळाची होती. अक्षावर एक केंद्र घेऊन दिलेल्या बिंदूतून जाणारे वर्तुळ काढायचे. असे वर्तुळ वक्राला सहसा शेजारीच आणखी एका बिंदूत छेदते. केंद्र सरकवत नेले की हे दोन बिंदू जवळ येतात, आणि ते एकवटतात तेव्हा त्या वर्तुळाची त्रिज्या हाच अभिलंब. बीजगणितात याचा अर्थ वर्तुळ आणि वक्र यांच्या समीकरणांतून मिळणाऱ्या समीकरणाला एकच मूळ दोनदा असणे. ते तसे असावे म्हणून सहगुणक जुळवत बसायचे. दुसरा बिंदू ‘अगदी जवळ’ आहे, ‘शून्याइतका लहान’ आहे, असली कसलीही भाषा यात येत नाही. सगळे निखळ बीजगणित. तर्काच्या शुद्धतेत या रीतीला पुढची दीडशे-दोनशे वर्षे तोड निघाली नाही. पण वक्राचा घात वाढला की आकडेमोड अंगावर येई, आणि त्या काळी तिच्याविषयी मुख्य तक्रार हीच होती.

पिएर द फेर्मा तूलूझच्या न्यायालयात १६३१ पासून सल्लागार होता आणि गणित फावल्या वेळात करी. त्याच्याजवळ वेगळी रीत होती, आणि ती बोर्दोत असताना १६२९ च्या सुमारास सुचल्याचे तो सांगे. मुळात ती महत्तम-लघुतम किंमती काढण्यासाठी होती. १० या संख्येचे असे दोन भाग करायचे की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा व्हावा. एक भाग क्ष, तर गुणाकार १०क्ष वजा क्षचा वर्ग. आता क्षच्या जागी ‘क्ष अधिक ई’ घालायचे. गुणाकार सर्वांत मोठा असतो त्याच्या आसपास तो जवळजवळ बदलत नाही, म्हणून दोन्ही राशी ‘जवळपास समान’ धरायच्या. समान पदे उडवली की १०ई = २क्षई अधिक ईचा वर्ग एवढे उरते. ईने भागायचे: १० = २क्ष अधिक ई. आणि आता ई टाकून द्यायचा. क्ष = ५.

अन्वस्ताच्या स्पर्शिकेला हीच रीत लावताना फेर्माने स्पर्शिकेवर थोड्या अंतरावर दुसरा बिंदू घेतला. तो प्रत्यक्षात वक्राबाहेर असतो, पण तो वक्रावरच आहे असे धरून समरूप त्रिकोणांची प्रमाणे मांडली. ईने भागून ई टाकल्यावर लंबाच्या पायापासून स्पर्शिका-अक्षाच्या छेदापर्यंतचे अंतर, म्हणजे उपस्पर्शिका, शिरोबिंदूपासूनच्या अंतराच्या दुप्पट आली. अपोलोनियसचे उत्तर चार ओळींत निघाले. ई शून्य आहे की नाही, हे मात्र फेर्माने कुठेच सांगितले नाही. भागताना तो शून्य नसतो आणि नंतर शून्य असतो. रीत का चालते याचे समर्थन मागितले, की तो आणखी एक उदाहरण सोडवून दाखवी.

दोघांच्या मध्ये होते मारँ मेर्सेन. पॅरिसच्या प्लास रॉयालजवळच्या मठात राहणाऱ्या या संन्याशाने युरोपभरच्या विद्वानांचा पत्रव्यवहार सांभाळला होता. विज्ञानाची नियतकालिके १६६५ पासून निघू लागली. तोवर मेर्सेनला पत्र लिहिणे हेच प्रकाशन. १६३७ मध्ये देकार्तच्या प्रकाशशास्त्रावर फेर्माने मेर्सेनकडे टीका पाठवली आणि ती देकार्तच्या हाती पडली. त्यानंतर फेर्माची महत्तम-लघुतमांची रीत देकार्तपर्यंत जानेवारी १६३८ मध्ये पोचली, म्हणजे अगदी नको त्या वेळी. देकार्तने ती चुकीची ठरवली. स्पर्शिका म्हणजे बाहेरच्या बिंदूपासून वक्रापर्यंतची सर्वांत मोठी रेषा, असे फेर्मा मानतो अशी समजूत करून घेऊन त्याने रीत लावली आणि उत्तर चुकते हे दाखवले. पॅरिसमधले गणिती रोबेर्व्हाल आणि एत्येन पास्काल (ब्लेझ पास्कालचे वडील) फेर्माच्या बाजूने उभे राहिले. तिथलेच मिदॉर्ज आणि हार्डी देकार्तच्या बाजूने.

देकार्तने मग आव्हान म्हणून एक वक्र पुढे केला: क्षचा घन अधिक यचा घन बरोबर क्ष-य यांच्या गुणाकाराची ठरावीक पट. आज तो ‘देकार्तचे पर्ण’ म्हणून ओळखला जातो. यात य एकटा काढून क्षच्या रूपात लिहिणे कठीण, आणि वर्तुळाची रीत लावायची तर आकडेमोड हाताबाहेर जाते. फेर्माने त्याची स्पर्शिका काढून दिली. दोन्ही चलांना थोडे वाढवायचे, वाढींचे प्रमाण स्पर्शिकेच्या त्रिकोणावरून घ्यायचे आणि लहान पदे टाकायची, एवढेच त्याला करायचे होते. पट ६ घेतली तर (३, ३) या बिंदूपाशी चढ −१ येतो, हे त्याच्या रीतीने दोन ओळींत निघते. जुलै १६३८ मध्ये देकार्तने रीत बरोबर असल्याचे मान्य केले. सुरुवातीलाच अशी समजावून दिली असती तर आपण आक्षेप घेतलाच नसता, असा त्याचा सूर होता. फेर्मा पुढे देकार्तच्या प्रकाशशास्त्राकडे परतला आणि १६६२ मध्ये प्रकाश कमीत कमी वेळ लागणारी वाट धरतो या गृहीतावरून अपवर्तनाचा नियम त्याने स्पर्शिकेच्याच रीतीने काढला. तोवर देकार्तला जाऊन बारा वर्षे झाली होती. फेर्माने स्वतः फारसे काही छापले नाही. त्याचे गणिती लेखन मुलाने १६७९ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, प्रसिद्ध केले.

रोबेर्व्हालची स्वतःची रीत बीजगणिताची नव्हती, गतीची होती. वक्र म्हणजे फिरत्या बिंदूची वाट, आणि त्या बिंदूच्या गतीची दिशा हीच स्पर्शिका. अन्वस्तावरचा बिंदू नाभीपासून आणि नियत रेषेपासून सारख्याच वेगाने दूर जातो, म्हणून स्पर्शिका त्या दोन दिशांमधला कोन दुभागते. रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाच्या परिघावरचा बिंदू चक्रज काढतो. त्याला चाकाबरोबर पुढे जाण्याचा आणि चाकाभोवती फिरण्याचा असे दोन वेग एकसारखेच असतात, म्हणून इथेही कोन दुभागला की काम झाले. ही रीत देखणी आहे, पण वक्राची गती आधी ओळखता यायला हवी. रोबेर्व्हालने ती लपवूनही ठेवली. पॅरिसच्या राजविद्यालयातल्या रामूस पीठावर तो १६३४ पासून होता, आणि त्या पदासाठी दर तीन वर्षांनी स्पर्धा होई; प्रश्न काढण्याचा मान विद्यमान प्राध्यापकाचा. उत्तरे जगाला सांगून टाकली तर पुढच्या स्पर्धेत काय विचारायचे? पद त्याने १६७५ साली मरेपर्यंत टिकवले, पण इटलीच्या तोरिचेल्लीने गतीवरून स्पर्शिका काढण्याची रीत १६४४ मध्ये छापली तेव्हा त्याच्यावर चोरीचा आरोप करण्याशिवाय रोबेर्व्हालच्या हाती काही उरले नाही.

पुढची पायरी आकडेमोडीचा नियम बनवण्याची होती आणि ती नेदरलंड्सच्या बाजूला झाली. यान हुड्डे या डच गणितीने दुहेरी मूळ ओळखण्याचा सोपा नियम दिला: समीकरणाच्या पदांना अंकगणिती श्रेणीतल्या संख्यांनी क्रमाने गुणले, तर मिळालेल्या समीकरणालाही ते मूळ असते. तो १६५९ मध्ये देकार्तच्या भूमितीच्या लॅटिन आवृत्तीसोबत छापला गेला. हुड्डे पुढे अ‍ॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष झाला आणि गणित मागे पडले. लीएजचा धर्माधिकारी स्लूझ याने बहुपदी समीकरणावरून उपस्पर्शिका थेट लिहून काढण्याचा नियम दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो १६७३ मध्ये आला. एव्हाना स्पर्शिका ही प्रतिभेची नव्हे, सरावाची गोष्ट झाली होती.

केंब्रिजमध्ये आयझॅक बॅरोची भूमितीवरची व्याख्याने १६७० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दहाव्या व्याख्यानाच्या शेवटी, एका मित्राच्या सांगण्यावरून, त्याने एक छोटी रीत जोडली; हा मित्र म्हणजे न्यूटन. वक्राचा अतिशय छोटा तुकडा घेऊन त्याखाली त्रिकोण काढायचा, त्याची उभी बाजू ए, आडवी बाजू ई. क्षच्या वर्गासाठी ए बरोबर २क्ष गुणिले ई, अधिक ईचा वर्ग. ए-ईचे वर्ग आणि परस्पर गुणाकार टाकायचे, की एला ईने भागून २क्ष; क्ष = ३ पाशी ६. फेर्माने दोन टप्प्यांत केलेले काम इथे एका त्रिकोणात आले, आणि शोधायची गोष्ट उपस्पर्शिकेची लांबी नसून दोन लहान बाजूंचे गुणोत्तर झाली. स्पर्शिका काढणे आणि क्षेत्रफळ काढणे या एकमेकांच्या उलट क्रिया आहेत, याचीही भौमितिक सिद्धता त्याच व्याख्यानात आहे. बॅरोने तिला फारसे महत्त्व दिले नाही. १६६९ मध्येच त्याने आपले पद सोडले होते आणि त्यावर न्यूटन आला होता.

न्यूटनने देकार्तची भूमिती हुड्डेच्या नियमासह वाचली होती. १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद झाले, तो वूल्सथॉर्पला घरी गेला, आणि ऑक्टोबर १६६६ च्या टिपणात त्याची रीत पूर्ण मांडलेली सापडते. रोबेर्व्हालसारखी त्याचीही भाषा गतीची, पण गणित फेर्मासारखे बीजगणिताचे. क्ष आणि य काळाबरोबर वाहतात. ‘ओ’ या अगदी लहान वेळात प्रत्येक राशी आपापल्या वेगाच्या प्रमाणात वाढते. समीकरणात त्या वाढी घालून ओने भागायचे आणि उरलेल्या ओची पदे सोडायची. यच्या वेगाला क्षच्या वेगाने भागले की चढ. १० डिसेंबर १६७२ ला इंग्रज गणिती कॉलिन्सला लिहिलेल्या पत्रात न्यूटनने ही रीत एका घनवक्रावर करून दाखवली, आणि ही केवळ एका व्यापक रीतीतली छोटीशी बाब आहे असे बजावले. पण १६७१ चा त्याचा मुख्य ग्रंथ थेट १७३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, इंग्रजी भाषांतरात छापला गेला.

लायब्निझ १६७२ मध्ये राजकीय कामगिरीवर पॅरिसला आला तेव्हा त्याचे गणित कच्चे होते. डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या सांगण्यावरून त्याने ब्लेझ पास्काल वाचला. पास्कालने वर्तुळाच्या स्पर्शिकेजवळ एक छोटा त्रिकोण काढला होता. असा त्रिकोण कुठल्याही वक्राला काढता येतो हे लायब्निझला दिसले, आणि पास्कालला ते का दिसले नाही याचे त्याला पुढेही नवल वाटे. नोव्हेंबर १६७५ च्या टिपणांत लहान फरकांसाठी त्याचे ‘डी’ हे चिन्ह उमटू लागते. ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपत्सिगच्या ‘आक्ता एरुदितोरुम’ या मासिकात महत्तम, लघुतम आणि स्पर्शिका यांच्या नव्या रीतीवर त्याचा लेख आला. पाने सहाच, छपाईच्या चुका बऱ्याच, आणि सिद्धता जवळजवळ नाहीतच. नियम मात्र स्वच्छ: बेरजेचा, गुणाकाराचा, भागाकाराचा, घातांचा आणि मुळांचा. आधीच्या रीतींत मुळे आणि अपूर्णांक काढून टाकण्यातच पानेच्या पाने जात. इथे ते जसे असतील तसे ठेवून चढ काढता येई. उदाहरणात अपवर्तनाचा नियम काही ओळींत संपवला होता. लेखाच्या शेवटी १६३८-३९ मधला, ब्लवाच्या द बोनने देकार्तला विचारलेला जुना प्रश्न होता: ज्याची उपस्पर्शिका सगळीकडे सारखीच असते असा वक्र कोणता? देकार्तला तो पूर्ण सुटला नव्हता. लायब्निझने उत्तर एका वाक्यात दिले: लॉगरिदमचा वक्र.

श्रेय कोणाचे यावरून न्यूटन आणि लायब्निझ यांच्या गोटांत पुढे जे चालले त्याने स्पर्शिकेच्या ज्ञानात काही भर पडली नाही. प्रसार झाला तो पाठ्यपुस्तकाने. मार्की द लोपितालचे पुस्तक १६९६ मध्ये निघाले. त्यातले बरेचसे योहान बर्नुलीचे होते, आणि त्यासाठी लोपिताल त्याला वर्षाला ३०० लिव्र देत असे.

दुसऱ्या बिंदूचा पेच मात्र तसाच होता. ई, ए, ओ, डी ही नावे बदलली. प्रत्येक जण त्या लहान राशीने आधी भागे आणि मग ती टाकून देई. बिशप बर्कलीने १७३४ मध्ये नेमके हेच पकडले: राशी शून्य नाही म्हणून भागता, मग शून्य आहे म्हणून वगळता, आणि धर्मातल्या गूढांवर मात्र हसता. उत्तरे बरोबर येत होती, पण आक्षेपाला सरळ उत्तर कोणाजवळ नव्हते. १७५४ मध्ये फ्रेंच ज्ञानकोशात दालांबेरने छेदिकेची सीमा म्हणजे स्पर्शिका, अशी दिशा दाखवली. कोशीने १८२३ च्या व्याख्यानांत चढाची व्याख्याच बदलली: दुसरा बिंदू पहिल्यावर येऊन बसवायचा नाही, तो जवळ येत असताना गुणोत्तर ज्या किंमतीच्या हवे तितके निकट जाऊन तिथेच राहते, ती किंमत म्हणजे चढ. ६.५, ६.१, ६.०१ या ओळीतला ६ हा शेवटचा भागाकार नाही, त्या ओळीची सीमा आहे. शून्य भागिले शून्य करावेच लागत नाही. त्याच शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी हा विषय ‘शून्यलब्धि’ या नावाने मराठीत आणला.

सीमेची व्याख्या हाती आल्यावर एक प्रश्न विचारता येऊ लागला, जो फेर्मा किंवा देकार्तला सुचलाही नसता: ही सीमा असतेच का? सलग वक्राला काही टोकदार कोपरे सोडले तर सगळीकडे स्पर्शिका असणारच, असा बहुतेकांचा समज होता. १८ जुलै १८७२ ला बर्लिनच्या अकादमीत कार्ल वायरश्ट्रासने कोटिज्यांच्या अनंत बेरजेतून बनवलेला एक वक्र मांडला. तो सगळीकडे सलग आहे, कुठेही तुटत नाही, आणि त्याच्या एकाही बिंदूपाशी स्पर्शिका काढता येत नाही.